ऑफेलियाचे शब्द, आब्राहामसेनचा ऑर्केस्ट्रा: 'लेट मी टेल यू'

वेलांटी (धागाकर्ती)

कादंबरीवर सिनेमा निघतो, नाटक होतं, मालिका तर होतेच होते. पण ऑर्केस्ट्राने कादंबरीतून नेमकं काय उचलायचं? 'तो दार ढकलून आत आला आणि गप्प बसला' हे व्हायोलिनवर वाजवून दाखवा बघू. त्यामुळे संगीतकार बहुधा दोनपैकी एक वाट धरतात. पहिली म्हणजे प्रसंग रंगवायचे. रिचर्ड स्ट्राउसने १८९७ साली सर्व्हान्तेसच्या कादंबरीवरून 'डॉन किहोटे' लिहिलं तेव्हा चेलोला किहोटे केलं, त्याचा चाकर सांचो पांझा मुख्यतः व्हायोलाकडे दिला, आणि मेंढ्यांच्या कळपावर चाल करून जायच्या प्रसंगात ब्रासवाल्यांकडून, म्हणजे पितळी फुंकवाद्यांकडून, चक्क बें-बें करून घेतलं. दुसरी वाट म्हणजे कादंबरीचं नाव घ्यायचं, थोडं वातावरण घ्यायचं आणि पुढे आपलं आपण जायचं.

हान्स आब्राहामसेन या डॅनिश संगीतकाराची 'लेट मी टेल यू' ही रचना मला या दोन्हींत बसवता येत नाही, म्हणून हा धागा. सोप्रानो (उंच पट्टीची गायिका) आणि ऑर्केस्ट्रासाठी, साधारण अर्ध्या तासाची, सात गाण्यांची रचना आहे. २० डिसेंबर २०१३ रोजी बर्लिन फिलहार्मोनिकने ती पहिल्यांदा वाजवली. आंद्रिस नेल्सन्स कंडक्टर, बार्बरा हॅनिगन गायिका. संगीतरचनेसाठीचा २०१६चा ग्रॉमायर पुरस्कार तिला मिळाला आणि २०१९मध्ये 'गार्डियन'ने एकविसाव्या शतकातल्या उत्तम अभिजात रचनांची यादी काढली त्यात ही पहिली होती. अशा याद्यांवर माझा फारसा विश्वास नाही, पण या वेळी यादी करणाऱ्यांशी भांडावंसं वाटलं नाही.

आधी कादंबरी. पॉल ग्रिफिथ्स हा वेल्समध्ये जन्मलेला संगीत समीक्षक. आधुनिक पाश्चात्त्य संगीताबद्दल वाचायला लागलेल्या माणसाला याचं एखादं पुस्तक भेटतंच. त्याने २००८मध्ये याच नावाची एक छोटी कादंबरी लिहिली. निवेदक ऑफेलिया, 'हॅम्लेट'मधली. आणि नियम एकच: शेक्सपिअरने नाटकात तिच्या तोंडी जे शब्द घातलेत तेवढेच वापरायचे. क्रम कुठलाही, कितीही वेळा, पण त्याबाहेरचा एकही शब्द नाही. हे सगळे मिळून पाचशेसुद्धा भरत नाहीत.

'हॅम्लेट'चे वीस प्रवेश. त्यातल्या पाचांत ऑफेलिया दिसते. भाऊ सांगतो कसं वागायचं, बाप सांगतो कसं वागायचं, हॅम्लेट मठात जायला सांगतो. मग बाप मारला जातो, तिचं डोकं फिरतं, ती गाणी म्हणत आणि फुलं वाटत फिरते. आणि मग राणी येऊन सांगते की ती ओढ्यात बुडाली. स्वतःचं मरणसुद्धा तिच्या वाट्याला स्वतःच्या शब्दांत येत नाही!

ग्रिफिथ्सने तिला शब्द एकही नवा दिला नाही, वाक्यं मात्र सगळी नवी दिली. आणि गंमत अशी की त्या शब्दांना जुना वास चिकटलेला असतो. 'ग्लास' हा शब्द घ्या. नाटकात ती हॅम्लेटचं वर्णन करताना म्हणते की हा माणूस म्हणजे रीतीभातीचा आरसाच होता. त्याच भाषणात, त्याचं मन बिघडलंय हे सांगताना 'ब्लास्टेड विथ एक्स्टसी' असे शब्द येतात. आब्राहामसेनच्या पाचव्या गाण्यात हेच शब्द परत येतात, पण आता ते तिच्याबद्दल आहेत. तू मला उजेड करून टाकलंस, काच करून टाकलंस, असं ती म्हणते. दुसऱ्याचं वेड सांगायला वापरलेले शब्द आता तिच्या सुखाला कामी आलेत. बर्फाचंही तसंच. वेड लागल्यावर ती बापाच्या कफनाचं गाणं म्हणते, डोंगरावरच्या बर्फासारखं पांढरं कफन. 'स्नो' हा शब्द तिच्याकडे येतो तो तिथून. आणि त्याच बर्फात 'लेट मी टेल यू' संपतं. ओढा नाही, बुडणं नाही. ती बाहेर पडते आणि चालत जाते.

आता संगीत. सात गाण्यांचे तीन भाग आहेत: कसं होतं, कसं आहे, आणि पुढे काय. सुरुवातीला ऑर्केस्ट्रा सगळा वरच्या टोकाला असतो. पिकोलो म्हणजे छोटी बासरी, चेलेस्टा हे किणकिणणारं कळवाद्य, व्हायोलिनचे हार्मोनिक्स म्हणजे तारेला हलकेच स्पर्श करून काढलेले बारीक स्वर. खाली जमीनच नाही. त्यात हॅनिगन गायला लागते ती अडखळत. एकाच अक्षरावर तोच स्वर पुन्हा पुन्हा, थरथरत. शब्द हाताशी आहेत, पण ते आपले आहेत याची अजून खात्री नाही, असं काहीतरी. आब्राहामसेनने ही लकब माँतेव्हेर्दी या सतराव्या शतकातल्या इटालियन संगीतकाराकडून घेतली. त्याच्या लेखी हा प्रकार लढाईच्या आवेशासाठी होता. इथे त्याची धार काढून टाकलीय आणि उरलाय फक्त कंप.

माझ्या मते कादंबरीतून संगीतात आलं ते हेच. ग्रिफिथ्सने स्वतःला शब्द मोजून दिले तसे आब्राहामसेनही आवाज मोजून वापरतो. भलामोठा ऑर्केस्ट्रा समोर बसलाय आणि बराच वेळ त्यातली मोजकी माणसं, तीही हळू वाजवतायत. पूर्ण ताकद वापरायची मुभा असून वापरायची नाही. म्हणून पाचव्या गाण्यात ती ताकद आली की अंगावर येते. कथानक सांगितलेलं नाही, वातावरणावरही भागवलेलं नाही. कादंबरी ज्या शिस्तीने लिहिली गेली ती शिस्त उचललीय.

शेवटच्या गाण्यात तालवाद्यवाला बेस ड्रमच्या कातड्यावर कागद घासतो. पावलं. एवढंच सांगते, बाकी ऐका. नेल्सन्स आणि बव्हेरियन रेडिओच्या ऑर्केस्ट्राचं २०१६चं ध्वनिमुद्रण सहज मिळतं.

---

पावशेर

वाचनखूण साठवली आहे. ऐकलं नाही अजून. एक शंका: गाण्यांचे शब्द कादंबरीतलेच जसेच्या तसे आहेत, की वेगळे लिहिलेत?

---

वेलांटी

ग्रिफिथ्सनेच कादंबरीतून निवडून, जुळवून गाण्यांसाठी मजकूर केला. नियम तोच, शब्दही त्याच पेटीतले. त्याला हे काम नवं नव्हतं. तान दुनच्या 'मार्को पोलो' या ऑपेराचा आणि अमेरिकन संगीतकार एलियट कार्टरच्या एकुलत्या एका ऑपेराचा मजकूर त्याचाच.

---

अण्णा_डोंबिवली

वेलांटीताई, लेख झकास. लेख वाचून ऐकायला बसलो आणि तिथेच घोळ झाला. पहिल्या दहा मिनिटांत एक चाल लक्षात राहील तर शपथ. ती बाई 'ले-ए-ए-ए-ट' करायला लागली तेव्हा आमची ही स्वयंपाकघरातून ओरडली, "नेट गेलं का?"

हलके घ्या. पण एक गंभीर मुद्दा आहे. तुम्ही म्हणता ऑर्केस्ट्राने कादंबरीचं काय घ्यायचं. इथे तर गायिका उभी राहून शब्द म्हणतेय! मग कादंबरी पोचवायला ऑर्केस्ट्राची परीक्षा कुठे झाली? शब्दांनी शब्दांचं काम केलं, मागे सनईचौघडा. नुसत्या वाद्यांनी करून दाखवलं असतं तर मानलं असतं.

---

मंद्रसप्तक

अण्णा, चालीबद्दल तुमचं खरं आहे, गुणगुणत बाहेर पडावं असं त्यात फार नाही. पण त्या थरथरण्याबद्दल थोडं सांगतो.

माँतेव्हेर्दीने १६२४च्या सुमारास तांक्रेदी आणि क्लोरिंदाच्या द्वंद्वावर एक रचना केली. त्यात क्षोभ दाखवण्यासाठी त्याने एकच स्वर भराभर तोडून वाजवायला लावला. याला 'स्तिले कोंचितातो' म्हणतात, म्हणजे खवळलेली शैली. आज हॉरर सिनेमात व्हायोलिनं जे कुरकुर-थरथर करतात त्याचा पणजोबा म्हणा. गळ्यानेही हा प्रकार त्या काळी होत असे. आपल्याकडे गमकेत स्वर हलतो तो शेजारच्या स्वराला धक्का देऊन. इथे स्वर जागचा हलत नाही, फक्त तुटून तुटून येतो. कानाला सवय नसल्यामुळे नेट गेल्यासारखं वाटणं साहजिक आहे. :)

मोजक्या शब्दांच्या नियमावरून मला मालकंस आठवला. रिषभ नाही, पंचम नाही, उरलेल्या पाचांत दीड तास. पण फरकही तिथेच आहे. मालकंस ऐकताना पंचमाची आठवण येत नाही. तो नाहीच, हे आपण धरूनच बसतो. ग्रिफिथ्सचं पुस्तक वाचताना मात्र नसलेले शब्द सतत जाणवत राहतात. बाईला काहीतरी सांगायचंय, नेमका शब्द हाताशी नाही, म्हणून ती वळसा घालून जाते, तेच वाक्य पुन्हा वेगळं मांडते. वळणांमुळे गद्याला एक विचित्र लय येते. ती लय आब्राहामसेनला सापडली असं मला वाटतं. वेलांटी म्हणतात तेवढी 'शिस्त' मला संगीतात दिसत नाही. मला वळसा दिसतो.

---

वेलांटी

वळसा! हो, हे जास्त बरोबर बसतंय, विशेषतः दुसऱ्या गाण्याला. आठवण एक नसते, अनेक असतात, असं ते गाणं आहे आणि संगीतही त्याच जागेवर पुन्हा पुन्हा येऊन दर वेळी थोडं निराळं निघतं.

अण्णा, शब्द आहेत म्हणून ऑर्केस्ट्राचं काम सोपं झालं हे पटत नाही. शब्द दोनशे वर्षांपूर्वीही होतेच की. ऑफेलियावर कितीतरी लोकांनी लिहिलंय. बर्लिओझने तिच्या मरणावर लिहिलं, आंब्रोआझ तोमाच्या १८६८च्या ऑपेरात तिच्या वेडाचा प्रवेश म्हणजे सोप्रानोला कसरत दाखवायची हुकमी संधी, ब्राम्सने तिची गाणी केली, स्ट्राउसने १९१८मध्ये केली. सगळ्यांना हवी होती ती वेडी किंवा मेलेली ऑफेलिया. शुद्धीवर असलेली कुणालाच नको होती.

---

ढापण्या

उत्तम धागा, पुढील लेखनास शुभेच्छा.

अण्णांच्या मुद्द्याला धरून: नुसत्या वाद्यांचं उदाहरण आहे. जपानी संगीतकार तोरू ताकेमित्सूचं 'रिव्हररन', पियानो आणि ऑर्केस्ट्रासाठी, १९८४चं. जेम्स जॉइसच्या 'फिनेगन्स वेक'चा पहिलाच शब्द तो. एकही शब्द गायलेला नाही. पियानो वाहत जातो, ऑर्केस्ट्रा त्याच्या काठाने. चौदा-पंधरा मिनिटांत संपतं.

आता खरं सांगा, शीर्षक झाकून ऐकवलं तर कुणी म्हणेल का की हे जॉइसचं आहे? मी तरी म्हणणार नाही. पाणी आहे हे कळेल, कारण ताकेमित्सू कायमच पाण्याबद्दल लिहायचा. म्हणजे अण्णांची परीक्षा मुळात कुणीच पास होणार नाही. स्ट्राउसच्या मेंढ्यासुद्धा आधी माहीत असल्याशिवाय मेंढ्या नाहीत.

---

अण्णा_डोंबिवली

मेंढ्या ऐकल्या. मेंढ्याच आहेत.

---

पावशेर

खिक्!

जाता जाता, योहान डी माय या डच माणसाची 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वरची सिंफनी कुणी ऐकलीय का? १९८८ची, म्हणजे सिनेमे यायच्या कितीतरी आधीची. विंड बँडसाठी, म्हणजे मुख्यतः फुंकवाद्यांच्या बँडसाठी, लिहिलीय. पाच भाग, त्यातला एक गॉलमचा, आणि तो सोप्रानो सॅक्सोफोनवर सरपटतो. भारी आहे. खोल वगैरे नसेल, पण शाळकरी पोरांचे बँड जीव तोडून वाजवतात.

---

रेघोट्या

संगीतकार मॅक्स रिख्टरचं कुणी काढलंच नाही. २०१५मध्ये लंडनच्या रॉयल बॅलेसाठी नृत्यदिग्दर्शक वेन मॅकग्रेगरने 'वुल्फ वर्क्स' बसवलं, व्हर्जिनिया वुल्फच्या तीन कादंबऱ्यांवर: 'मिसेस डॅलोवे', 'ऑर्लँडो' आणि 'द वेव्ह्ज'. संगीत रिख्टरचं. मला ते फार जवळचं आहे. सुरुवातच वुल्फच्या स्वतःच्या आवाजाने होते. १९३७च्या बीबीसीच्या भाषणाचं तेवढं एकच ध्वनिमुद्रण तिच्या आवाजात शिल्लक आहे. 'ऑर्लँडो'चा भाग रिख्टरने 'ला फोलिया' या जुन्या चालीवर उभारलाय. तीनशे वर्षं वेगवेगळ्या संगीतकारांनी त्या चालीचे कपडे बदललेत, आणि ऑर्लँडोही शतकानुशतकं जगतो, पुरुषाचा बाई होतो. याहून चपखल काय असणार? माझ्या मते हे आब्राहामसेनपेक्षा कादंबरीच्या जास्त जवळ जातं. आणि ऐकायला सुंदर आहे, हा काही गुन्हा नाही.

---

ढापण्या

'ऑर्लँडो'बद्दल मान्य. पण शेवटचा भाग काढा. 'द वेव्ह्ज'साठी रिख्टरने काय केलं? वुल्फने १९४१मध्ये जीव देण्याआधी नवऱ्याला लिहिलेली चिठ्ठी अभिनेत्री जिलियन अँडरसनच्या आवाजात वाचून दाखवली, मागे समुद्राच्या लाटा, आणि मग वीस मिनिटं तीच एक स्वरावली हळूहळू फुगत जाते. भागाचं नाव 'ट्यूजडे', कारण चिठ्ठीवर वार तेवढाच लिहिलेला. रडू येतं, नाही म्हणत नाही. पण त्यात 'द वेव्ह्ज' कुठे आहे? सहा माणसांचे सहा आवाज, लहानपणापासून म्हातारपणापर्यंत, ही त्या कादंबरीची सगळी रचना. तिचं काहीच उरलं नाही. लेखिकेचं मरण आणून कादंबरीच्या जागी ठेवलं.

आणि वेलांटींच्या लेखातला मुद्दा इथे बरोबर उलटा लागू होतो. आब्राहामसेनच्या रचनेत पाण्यात बुडालेली बाई पाण्यातून बाहेर काढलीय. रिख्टरच्या रचनेत बाई तीन कादंबऱ्या लिहून झाल्यावरही पुन्हा पाण्यातच नेलीय.

---

रेघोट्या

हे फारच कडक झालं. बॅलेत आलेस्सांद्रा फेर्री नाचते ती एकाच वेळी वुल्फही आहे आणि तिची पात्रंही. तीनही भाग एकत्र पाहिले तर चिठ्ठी उपरी वाटत नाही. तुम्ही बहुधा नुसता अल्बम ऐकून बोलताय.

---

ढापण्या

अल्बमच ऐकलाय. पण अल्बम म्हणून स्वतंत्र विकलाय ना? मग तसाच ऐकणार.

---

थेम्सकाठी

रिख्टरचं भांडण चालू द्या. मी 'लेट मी टेल यू' प्रत्यक्ष ऐकलंय, लंडनच्या प्रॉम्स या उन्हाळी संगीत महोत्सवात, २०१६मध्ये. बर्मिंगहॅमचा ऑर्केस्ट्रा, मिर्गा ग्राझिनिते-तिला कंडक्टर, गायला हॅनिगन. मी खाली उभ्याच्या तिकिटावर होतो. रॉयल अल्बर्ट हॉल म्हणजे काय अवाढव्य प्रकरण आहे हे गेलेल्यांना माहीत आहे. बारीक आवाज त्यात विरून जातात अशी आमची नेहमीची तक्रार. त्या दिवशी कागदाचा आवाज वरपर्यंत गेला, कारण लोक खोकायचे थांबले होते. इंग्लंडात ही केवढी गोष्ट आहे!

एक गोष्ट ध्वनिमुद्रणात कळत नाही. हॅनिगन सगळं पाठ गाते, आणि अभिनय असा काहीच करत नाही. हात जवळजवळ हलत नाहीत. पाचव्या गाण्यात आवाज अगदी वर जातो तेव्हाही ती ताणल्यासारखी दिसत नाही. ही बाई स्वतः ऑर्केस्ट्रा कंडक्ट करता करता लिगेटी या आधुनिक संगीतकाराचं अवघड संगीत गाते, त्यामुळे मागे कोण काय वाजवतंय ते तिला अंगात माहीत असावं.

अण्णा, तुमच्या सनईचौघड्याबद्दल: प्रत्यक्षात गायिका ऑर्केस्ट्राच्या पुढे असल्यासारखी वाटतच नाही. तिचा आवाज कधी पिकोलोतून निघतो, कधी व्हायोलिनमध्ये विरतो. कुणी कुणाला साथ करत नाही.

---

रानजाई

सगळं वाचलं, ऐकलंही. एक खडा टाकते. 'तिला स्वतःचा आवाज मिळाला' असं म्हणताना जरा हिशोब करा. मूळ शब्द शेक्सपिअरचे. कादंबरी ग्रिफिथ्सची. संगीत आब्राहामसेनचं. पहिल्या प्रयोगाचा कंडक्टर नेल्सन्स. चार पुरुषांनी मिळून एका बाईला बोलतं केलं आणि आपण टाळ्या वाजवतोय. आणि तो नियम तरी काय? बाईला फक्त तेवढंच बोलता येईल जेवढं पुरुषाने आधी तिच्या तोंडी दिलं होतं. याला मुक्ती म्हणायचं की लांब केलेली साखळी?

---

निमूटपणे

+१ रानजाई. शिवाय मला ही शब्दमर्यादेची कसरत थोडी हुशारीची वाटते. फ्रेंच लेखक जॉर्ज पेरेकने १९६९मध्ये 'ई' हे अक्षर अजिबात न वापरता अख्खी कादंबरी लिहिली. अचाट आहे, पण वाचताना आपण कादंबरी वाचत नाही, 'ई' शोधत बसतो.

---

मंद्रसप्तक

निमूटपणे, पेरेकच्या बाबतीत तुम्ही म्हणता तो धोका आहे, पण त्याच्या 'ई' नसण्यालाही कारण होतं. त्याचा बाप दुसऱ्या महायुद्धात मारला गेला, आई आउश्वित्झला पाठवली गेली आणि परत आली नाही. ज्याच्या घरातली माणसंच नाहीशी झाली तो नाहीसं होण्यावर लिहितोय. नियम मौजेचा असतो तोवर कसरत. ग्रिफिथ्सच्या पुस्तकात नियम हाच विषय आहे.

---

वेलांटी

रानजाई, खडा बरोबर जागी पडलाय. साखळी आहेच. कादंबरीतल्या ऑफेलियालाही ती आहे हे कळतं, आणि मला वाटतं त्यामुळेच पुस्तक गोड होत नाही. ती सारखी शब्दांवर कुरकुरत असते. पण 'चार पुरुष' या मोजणीत एक जण गाळलाय तो फार मोठा आहे. ही रचना हॅनिगनच्या गळ्यासाठी लिहिली गेली आणि तिलाच अर्पण केलेली आहे. माँतेव्हेर्दीच्या त्या लकबीसारख्या गोष्टी गळ्याला काय जमतं हे गायिकेकडून समजून घेतल्याशिवाय लिहिता येत नाहीत, आणि आब्राहामसेनने तोवर आवाजासाठी फारच थोडं लिहिलं होतं. आता इतर गायिकाही गातात.

आब्राहामसेनबद्दलही सांगायला हवं. १९५२चा जन्म. शरीराची उजवी बाजू जन्मापासून अधू, पियानो नीट वाजवता येईना, म्हणून त्याने फ्रेंच हॉर्न घेतला, कारण हॉर्नचे व्हॉल्व्ह डाव्या हाताने दाबतात. नव्वदच्या दशकात जवळजवळ दहा वर्षं त्याने नवीन काहीच लिहिलं नाही म्हटलं तरी चालेल. दुसऱ्यांच्या रचना वाद्यवृंदासाठी मांडून देत होता. परतला तेव्हा 'श्ने' लिहिलं, म्हणजे बर्फच, नऊ वादकांसाठी दहा कॅनन (एकाच चालीचा आवाजांनी एकामागोमाग पाठलाग), तासभराचं. आणि 'लेट मी टेल यू'नंतर पियानो कॉन्चेर्तो (पियानो आणि ऑर्केस्ट्रासाठीची रचना) लिहिला तो फक्त डाव्या हातासाठी, 'लेफ्ट, अलोन' नावाचा. या माणसाला 'तुझ्याकडे एवढंच आहे, यात भागव' हे कुणी बाहेरून शिकवायची गरज नव्हती. म्हणून ग्रिफिथ्सची कादंबरी त्याच्या हाती पडणं मला योग्य वाटतं. दुसऱ्या कुणी तीवर चांगला ऑपेरा केला असता, दोन तासांचा, वेडाच्या प्रवेशासकट!

---

नाटक्या

अवांतर: ऑफेलिया मराठीत फार जुनी आहे. आगरकरांनी 'हॅम्लेट'चं 'विकारविलसित' १८८३मध्ये केलं, आणि गणपतराव जोशांचा चंद्रसेन म्हणजे त्यातला हॅम्लेट, त्यासाठी लोक गाड्या करून यायचे. ऑफेलियाचं काम तेव्हा अर्थातच पुरुष करायचे. रानजाईंच्या यादीत पाचवा पुरुष घाला. :)

अलीकडे २०१८मध्ये चंद्रकांत कुलकर्णींनी नाना जोगांच्या भाषांतरावर केलेला 'हॅम्लेट' मी पाहिला, सुमीत राघवन होता. बघून घरी आल्यावर मला ऑफेलियाचं एकही वाक्य आठवेना. नटीचा दोष नाही, शेक्सपिअरनेच तिला वाक्यं तशी दिलीत. बाकी सगळ्यांची आठवतात.

---

पावशेर

मुंबईत हे कधी वाजेल का? एनसीपीए या कलाकेंद्राचा सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, २००६पासून. दर सीझनला जाहिरात बघतो, चायकोव्हस्की, बीथोवेन, पुन्हा चायकोव्हस्की.

---

थेम्सकाठी

पावशेर, तो ऑर्केस्ट्रा नवं वाजवत नाही असं नाही. झाकीर हुसेन यांचा तबल्याचा 'पेशकार' कॉन्चेर्तो त्यांनीच २०१५मध्ये पहिल्यांदा वाजवला. इथली अडचण वेगळी आहे. हार्प, चेलेस्टा, चार-पाच तालवाद्यवाले हे जमेल. पण हे सगळे अतिशय हळू वाजवण्याचे भाग आहेत, आणि हळू वाजवायला सराव जास्त लागतो. चायकोव्हस्कीत एखादा हॉर्न घसरला तर खपून जातं. इथे एक व्हायोलिन कचरलं की सगळ्या सभागृहाला कळतं. त्यात गायिका बाहेरून आणायची. तिकीट किती लावणार आणि कोण येणार?

---

पावशेर

मी येणार. अण्णांना पण आणतो.

---

निमूटपणे

कादंबरी ऑनलाइन मागवली. तिचा पुढचा भागही दिसतोय, 'लेट मी गो ऑन', २०२३चा. तोही त्याच शब्दांत आहे का? बर्फात गेली म्हणजे संपली असं मी धरून चाललो होतो.

---

वेलांटी

हो, तेच शब्द, तोच नियम, नाटकाबाहेर पडल्यानंतरची ऑफेलिया. माझं अजून वाचून व्हायचंय. तुम्ही आधी वाचलंत तर इथेच लिहा, नवीन धागा नको. आणि 'ई शोधत बसलो' असं झालं तर तेही लिहा.

---

अण्णा_डोंबिवली

सर्वांस: थेम्सकाठींचं वाचून परत ऐकलं, या वेळी हेडफोन लावून आणि पाचव्यापासून. पाचवं जबरदस्त आहे, मान्य. तो जो मोठा आवाज येतो त्याआधी ती 'आता मला काही वाटत नाही' म्हणते, ते तिच्या गळ्यावरून खोटं वाटतं आणि मग खरं होतं. चाल अजूनही सापडलेली नाही. आणि माझा मुद्दा मी सोडलेला नाही: हेच शब्द न कळणाऱ्या माणसाला ऐकवा आणि विचारा काय समजलं. शेजारच्या जोशींच्या पोरावर प्रयोग करणार आहे, तो गिटार शिकतो.

शेवटचं गाणं राहिलंय. ते उद्या दूध आणायला जाताना ऐकतो आणि मग भांडायला येतो.